कामाला लावणारा माणूस

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण. बोललो तसेच बहुतेक ठेवले आहे, थोडे फार सावरून घेतले आहे.)



समितीने मला विषय दिला तो "परदेशी नोकरी आणि फसवणूक" असा. मी सचिवांना म्हटले, फसवणूक हा शब्द फार मऊ झाला. बाजारात कुणी सडका आंबा पिशवीत घातला तर ती फसवणूक. माणूसच अडकवून ठेवला तर त्याला गुलामगिरी म्हणा. त्यावर सचिव म्हणाले, पत्रिकेत गुलामगिरी छापले तर लोकांना वाटेल महात्मा फुल्यांच्या ग्रंथावर व्याख्यान आहे! म्हणून पत्रिकेवर साधे नाव छापले. पण मी बोलणार आहे ते गुलामगिरीवरच.

गुलाम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे साखळदंड येतो, चाबूक येतो. आजच्या गुलामाच्या हातात मोबाईल असतो. तो घरी फोन करतो आणि आईला सांगतो, मी मजेत आहे, जेवण चांगले आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने याची साधी व्याख्या केलेली आहे. शिक्षेच्या धाकाने आणि माणसाच्या मनाविरुद्ध करून घेतलेले काम म्हणजे सक्तीचे काम. २०२१ सालच्या त्यांच्या अंदाजात असे २ कोटी ७६ लाख लोक जगात निघाले. धाक म्हणजे मारच पाहिजे असे नाही. पगार बुडेल, कागद मिळणार नाहीत, कर्ज अंगावर राहील, हाही धाकच.

आपल्याला हे नवीन नाही, मंडळी. आपल्या आजा-पणजाच्या अंगावरून हे गेलेले आहे. वतनाच्या नावाखाली गावाची पडेल ती कामे करायची, रात्री-बेरात्री हाक आली की उठायचे, आणि मोबदला म्हणून तुकडा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाविरुद्ध बिल आणले. ती वतने कायद्याने गेली ती १९५८ साली. मधली तीस वर्षे मोजा. आणि घटनेत २३ वे कलम आहे, त्यात माणसांचा व्यापार आणि वेठबिगार या दोन्हींना एकाच वाक्यात बंदी आहे. दोन्ही एकत्र का? कारण आधी माणूस कुणीतरी आणून देतो, आणि मग त्याला कुणीतरी राबवतो. आणून देणाऱ्याकडे आपले लक्ष जात नाही. आज मला त्याच्याबद्दलच बोलायचे आहे. काम आणि कामगार यांच्या मध्ये उभा असलेला, कामाला लावणारा माणूस.

मुंबईच्या गिरण्यांमध्ये हा माणूस जॉबर होता. जॉबर लावेल तो कामाला लागायचा, जॉबर काढेल तो घरी. त्याची दस्तुरी ठरलेली. कामावर घेताना दस्तुरी, रजेवरून परत आलात की दस्तुरी. आपल्या माणसाला तर विणखात्यात घेतच नसत, धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून विटाळ! आमचे आजोबा सांगायचे, पगार मालक देतो पण पोट जॉबरच्या हातात असते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते, त्याच काळात, १९४५ साली, सरकारी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचा पाया घातला गेला. कल्पना किती मोठी होती बघा. काम देणारा आणि काम मागणारा यांची गाठ सरकारने घालून द्यायची, मध्ये दस्तुरीवाला नको. (आता तुम्ही हसाल. एक्स्चेंजचे कार्ड वर्षानुवर्षे रिन्यू करून कॉल न आलेली पुष्कळ मंडळी इथे बसली आहेत. मीही त्यातलाच. पण कल्पना चूक नव्हती.)

आता आपल्या वस्तीतली बरीच घरे बीड, जालना, उस्मानाबाद, ज्याला आता धाराशिव म्हणतात, तिकडची आहेत. काही ७२ च्या दुष्काळात आली. तुमचे मेहुणे, साडू, चुलते अजून ऊसतोडीला जातात. तिथे कामाला लावणारा माणूस म्हणजे मुकादम. पावसाळ्यात, घरात दाणा नसतो तेव्हा, तो येऊन उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एका कोयत्याला पन्नास हजार, लाख. दिवाळीच्या आसपास बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर-ट्रकमध्ये बसायचे ते मार्च-एप्रिलपर्यंत सुटका नाही. टनावर हिशेब. एक दिवस खाडा झाला तर उलटा दंड. बाईला दिवस गेलेले असोत, पाळी असो, ताप असो, कोयता चालला पाहिजे. हंगाम संपताना मुकादम वही काढतो आणि सांगतो, अजून इतके फिटायचे राहिले. म्हणजे पुढच्या वर्षी त्याच्याच टोळीत. हिशेबाची वही एकच, आणि ती त्याच्याकडे.

इथे कुणी म्हणेल, पैसे आधी घेतलेत ना, मग काम करा. १९७६ चा वेठबिगार निर्मूलनाचा कायदा नेमके याच्या उलट सांगतो. उचलीपायी माणसाचा दुसरीकडे काम करण्याचा हक्क गेला, किंवा त्याला नावापुरती मजुरी मिळू लागली, तर ती वेठबिगारी. ते कर्ज कायद्याने नष्ट होते. ते वसूल करायला जाणाराच गुन्हेगार. अर्ज कलेक्टरकडे करायचा. पण उसाच्या फडातून कलेक्टर कचेरी किती लांब असते हे ज्याने फड पाहिला त्यालाच ठाऊक.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती माझ्या मनात पक्की बसलेली आहे. १९८२ साली दिल्लीत एशियाड झाले. स्टेडियमे, रस्ते बांधायला राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसातून मजूर आणले. आणले कुणी? जमादारांनी. तेव्हा किमान मजुरी दिवसाला नऊ रुपये पंचवीस पैसे. ठेकेदार पैसे मजुराला देत नसे, जमादाराला देई. जमादार दर डोई दर दिवशी एक रुपया कापून घेई. मजुराच्या हातात सव्वाआठ. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेही एका पत्रावरून. न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला की किमान मजुरीपेक्षा कमी पैशात करून घेतलेले काम म्हणजे २३ व्या कलमाखालची सक्तीच. भुकेने, गरिबीने माणूस कमी पैशाला कबूल झाला तरी ती त्याची मर्जी म्हणता येत नाही. मला हे वाचून अंगावर काटा आला होता. एक रुपया! त्या एका रुपयावर देशाच्या सर्वात मोठ्या कोर्टाने गुलामगिरीची व्याख्या केली.

आता माझी स्वतःची गोष्ट. ही मी या विहारात आजवर सांगितलेली नाही.

मी आयटीआयचा फिटर. कंपनीला टाळे लागले, मुलगी दोन वर्षांची. १९९४ साल. शेजारच्या वस्तीतला एक गृहस्थ घरी आला, आल्या आल्या जयभीम केला, बाबासाहेबांच्या फोटोकडे बघून हात जोडले. म्हणाला, सौदीला फिटर पाहिजेत, नऊशे रियाल पगार, ओव्हरटाइम वेगळा. ऑफिसात घेऊन गेला, तिथे काचेचे टेबल, भिंतीवर विमानाचे चित्र. खर्च पस्तीस हजार. दहा हजार बायकोच्या दागिन्यांचे झाले. पंचवीस हजार शेकडा पाचने उचलले, म्हणजे महिन्याला साडेबाराशे नुसते व्याज. कराराचा कागद हातात पडला तो एअरपोर्टवर, रात्री अकराला. आम्ही बारा जण होतो. कुणीच वाचला नाही. वाचून करणार काय, घरून रडून निघालो होतो.

तिथे उतरल्यावर पासपोर्ट गोळा केले, "ऑफिसात सुरक्षित राहतील" म्हणून. दुसऱ्या दिवशी अरबी भाषेतला दुसरा कागद. त्यात पगार सहाशे. सही करायची नसेल तर परतीचे तिकीट स्वतःचे काढा. सुपरवायझर आपल्याकडचाच, मल्याळी माणूस. खाली मान घालून म्हणाला, भाईसाब, मैंने भी किया है.

हिशेब मांडतो, कारण सगळी गोष्ट हिशेबातच आहे. तेव्हा एक रियाल म्हणजे सव्वाआठ-साडेआठ रुपये. सहाशेतले दीडशे खाण्याला गेले. राहिले साडेचारशे, म्हणजे साधारण पावणेचार हजार रुपये. हजार घरी. साडेबाराशे व्याज. मुद्दलात जाणार दीड हजार. ठरल्याप्रमाणे नऊशे मिळाले असते तर कर्ज सहा महिन्यांत फिटले असते. सहाशेत वर्ष उलटून गेले तरी थोडे बाकी होते. मधले सहा-सात महिने मी कुणासाठी राबलो?

मला कुणी मारले नाही. कोंडले नाही. शुक्रवारी सुट्टी होती, आम्ही फिरायलासुद्धा जायचो. पण आमच्यातल्या एकाचे वडील वारले तेव्हा कंपनी म्हणाली, जायचे तर तिकीट आणि विझाचा खर्च भर. तो गेला नाही. तीन दिवस खाटेवर बसून होता, चौथ्या दिवशी कामावर आला. साखळदंड मी त्या दिवशी बघितला.

१९९६ साली रजेवर आलो. टेपरेकॉर्डर आणला, ब्लँकेट आणले, अत्तराच्या बाटल्या वाटल्या. चाळीतली पोरे भोवती जमली. सहाशे रियाल ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. लाज वाटली. "दुबई-रिटर्न" माणूस फसला होता हे कसे सांगायचे? (सौदी असो की कुवेत, आपल्याकडे सगळे दुबईच.) चारच दिवसांत तोच गृहस्थ घरी आला. म्हणाला, तुझ्या ओळखीची पोरे दे, पोरामागे पाचशे तुझे.

मी तीन पोरे दिली. दीड हजार रुपये घेतले. त्यातल्या दोघांचे बरे झाले. तिसऱ्याला व्हिजिट विझावर पाठवले होते, म्हणजे पाहुणा म्हणून. तिथे गेल्यावर कामाचा विझा करून देऊ म्हणाले, तो झालाच नाही. आठ महिने लपून काम केले, मग पकडला गेला, जेलमध्ये राहिला, तिथून परत. त्याच्या वडिलांनी गावची अर्धा एकर विकली होती. ते गृहस्थ पुढे बरीच वर्षे याच विहाराच्या पायरीवर बसायचे. मला कधी एक शब्द बोलले नाहीत. भेटले की जयभीम करायचे. मी दुसऱ्या दाराने आत यायला लागलो. आज तो मुलगा, आता मुलगा कसला, पन्नाशीला आला, त्याला विचारूनच मी हे बोलतो आहे. तो म्हणाला, सांगा, पण माझे नाव घेऊ नका.

मागच्या वर्षावासात भंतेजींनी सम्यक आजीविकेवर प्रवचन दिले. उपासकाने कोणते पाच धंदे करू नयेत ते सांगितले. शस्त्रांचा, मांसाचा, मद्याचा, विषाचा, आणि सत्तवणिज्जा, म्हणजे जिवंत प्राण्यांचा, माणसांचा व्यापार. सगळे मान डोलावत होते. मी खाली बघत होतो. दारू मी विकली नाही, विष विकले नाही. माणसे विकली, पाचशेला एक. त्याच प्रवचनात भंतेजींनी अनाथपिंडिकाला सांगितलेली गृहस्थाची चार सुखे सांगितली. तिसरे सुख ऋण नसण्याचे आणि चौथे निर्दोष असण्याचे. तिसरे मी वर्षभर राबून मिळवले. चौथे दीड हजारात घालवले. असो.

आता तरुणांनी लक्ष द्यावे. जाऊ नका असे मी म्हणत नाही. माझी खोली त्याच पैशातून झाली, मुलगी शिकली. पण बघा, ऊसतोडीत मुकादम पैसे आधी देतो, आणि आखातात एजंट पैसे आधी घेतो. दिसायला उलट, पण दोन्हीकडे माणूस कामावर पोहोचण्याआधीच कर्जात बुडालेला असतो. कर्ज झालेला माणूस नाही म्हणू शकत नाही. म्हणून जे काय थांबवायचे ते इथे, पैसे देण्याआधी थांबवायचे. तिथे गेल्यावर फार थोडे हातात राहते.

खरे तर कामगाराने काम मिळवण्यासाठी पैसे द्यायचेच का? ज्याला माणूस पाहिजे त्याने खर्च करावा. १९९७ च्या आंतरराष्ट्रीय करारात तसे कलम आहे, आपल्या देशाने तो करार मान्य केलेला नाही. आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. त्याप्रमाणे परराष्ट्र खात्याकडे नोंदणी केलेला एजंटच भरती करू शकतो, आणि तो जास्तीत जास्त तीस हजार रुपये व त्यावर जीएसटी, म्हणजे पस्तीस हजार चारशे घेऊ शकतो, तेही पावती देऊन. आता तुम्हीच सांगा, वस्तीत आकडा काय चालतो? लाख, दीड लाख. वरचे लाखभर रुपये पावतीत येत नाहीत. फास तिथे आहे. आणि जो घरी येतो, चहा पितो, जयभीम करतो, तो नोंदलेला एजंट नसतोच, तो त्याचा माणूस. त्याच्याकडे नोंदणी नंबर मागा. सरकारच्या ई-मायग्रेट या साइटवर नोंदलेल्या एजंटांची यादी आहे, बोगसांचीही आहे. कॉलेजात जाणारी कुणाची मुलगी दोन मिनिटांत काढून देईल.

ज्यांची दहावी झालेली नाही त्यांच्या पासपोर्टला ईसीआर लागते. आखाती व आणखी काही देशांत नोकरीला जाताना त्यांना प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते. लोकांना ती कटकट वाटते, एजंट म्हणतो व्हिजिट विझावर जा, मंजुरी लागत नाही. अहो, त्या मंजुरीतच तुमचा करार आणि पगार सरकारी नोंदीत जातो! दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा निघतो, दोन वर्षांचा हप्ता पावणेतीनशे रुपये. व्हिजिट विझावर गेलात की तुम्ही कामगार म्हणून कुठल्याच वहीत नाही. घरकामाला जाणाऱ्या भगिनींना तर माझे हात जोडून सांगणे आहे. ईसीआर पासपोर्टवर तीस वर्षांखालच्या बाईला तिकडे कामाला पाठवायची परवानगीच नाही. पाठवतो म्हणणारा चोरवाटेनेच पाठवणार.

शिकलेल्या पोरांनी हसू नये. तुमच्यासाठी वेगळा पिंजरा आहे. थायलंडमध्ये डेटा एन्ट्रीची नोकरी, राहणे-खाणे फुकट, असे मोबाईलवर येते. बँकॉकला उतरवतात, गाडीने सरहद्दीवर नेतात, नदी ओलांडली की म्यानमार. तिथे मोठमोठ्या कंपाउंडात बसवून इंटरनेटवर लोकांना लुबाडायला लावतात. नाही म्हटले तर मार, शॉक, सुटायला खंडणी. मार्च २०२५ मध्ये आपल्या हवाई दलाच्या विमानांनी तिथून पाचशेहून अधिक भारतीय परत आणले. इंग्रजी बोलणारी, कॉम्प्युटर येणारी मुले होती ती.

विहार काय करू शकतो ते सांगून थांबतो. गेल्या वर्षी एकजण समितीकडे आला होता. रविवारी हॉल द्या, कुवेतसाठी मुलाखती घेतो, विहाराला पाच हजार देणगी देतो म्हणाला. हॉलच्या छपराचे काम तेव्हा निघालेले, पैशाची गरज होती. खजिनदारांनी त्याला फक्त नोंदणी नंबर आणि कंपनीचे मागणीपत्र मागितले. घेऊन येतो म्हणाला, अजून यायचा आहे. छप्पर महिला मंडळाने भिशीतून केले, हे सर्वांना माहीत आहेच.

त्यानंतर आपण एक वही ठेवली आहे. जो बाहेर जाईल, मग आखात असो की उसाचा फड की सुरतची साईट, त्याने जाण्याआधी कागदांच्या झेरॉक्स विहारात ठेवायच्या. पासपोर्ट, विझा, करार, पावती, एजंटचा नाहीतर मुकादमाचा फोन, आणि ठरलेला पगार स्वतःच्या हाताने वहीत लिहायचा. कपाटाच्या दोन किल्ल्या, एक खजिनदारांकडे आणि एक महिला मंडळाच्या अध्यक्षांकडे. माणूस अडकला तर वकिलातीकडे, "मदद" पोर्टलवर नाहीतर कलेक्टरकडे अर्ज करताना पहिली अडचण हीच येते, घरच्यांना कंपनीचे नावसुद्धा माहीत नसते.

वहीत आतापर्यंत अकरा नावे झाली. अकरावे माझ्या पुतण्याचे आहे, कतारला चाललाय, प्लंबर म्हणून. कतारने २०२० साली मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलण्याची मोकळीक दिली, किमान पगार हजार रियाल ठरवला, पासपोर्ट मालकाने ठेवणे तिथे गुन्हा आहे. तरी कागद मी दोनदा वाचला. दुसऱ्या पानावर कामाचे नाव प्लंबरऐवजी हेल्पर पडले होते. परत पाठवला, एजंट चिडला, आठ दिवस लागले, दुरुस्त होऊन आला. येत्या शुक्रवारी रात्रीचे विमान आहे. पहिला पगार झाला की चिठ्ठीचा फोटो पाठवायचा असे ठरले आहे, वहीतल्या आकड्याशी ताडून बघू.

जयभीम. नमो बुद्धाय.